मधुमेहाचं औषध शरीरात कुठे काम करतं आणि त्रास कुठून येतो

मधुमेहाच्या गोळ्यांसोबत येणारा बारीक अक्षरांचा कागद सलग वाचला तर गोळी घेण्याची हिंमत होणार नाही. त्यात मळमळीपासून हृदयविकारापर्यंत सगळं एकाच ओळीत लिहिलेलं असतं. काय नेहमी होतं, काय लाखात एखाद्याला होतं, काय आठवड्यात आपोआप थांबतं आणि कशासाठी रात्री दवाखाना गाठायचा, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. म्हणून एक तर माणूस घाबरून औषध सोडतो, नाहीतर कागद फेकून देऊन खऱ्या धोक्याकडेही दुर्लक्ष करतो.

खरं तर हे दुष्परिणाम बहुतेक वेळा अंदाज करता येण्यासारखे असतात. औषध ज्या अवयवावर आणि ज्या पद्धतीने काम करतं, बहुतेक त्रास तिथूनच निघतो. लघवीतून साखर काढणाऱ्या गोळीचा त्रास लघवीच्या जागी होतो, आतड्यात काम करणारीचा पोटात. एवढं धरून चाललं की यादी पाठ करावी लागत नाही. पुढचं लिखाण मुख्यतः टाइप २ मधुमेहाबद्दल आहे. टाइप १ मध्ये इन्सुलिन हाच उपचार आहे आणि तो कुठल्याही परिस्थितीत थांबवायचा नसतो.

पहिली पायरी: आपण नेमकं काय घेतो ते लिहून काढा

पाकिटावर मोठ्या अक्षरांत असतं ते कंपनीने दिलेलं नाव. आपल्याला हवं ते त्याखाली बारीक छापलेलं मूळ औषधाचं नाव. तेच वहीत किंवा फोनमध्ये लिहा, पुढे मिलिग्रॅम आणि वेळ लिहा. रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि अधूनमधून घेतल्या जाणाऱ्या दुखण्याच्या गोळ्याही त्याच यादीत हव्यात.

नावाच्या शेपटीवरून गट ओळखता येतो. शेवटी ‘ग्लिप्टिन’ असेल (सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन) तर तो एक गट. ‘ग्लिफ्लोझिन’ असेल (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) तर दुसरा. ‘ग्लुटाइड’वर संपणारी लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड आणि त्यांच्या जोडीला तिर्झेपटाइड ही बहुतेक इंजेक्शनं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया गटातली. रेपाग्लिनाइड, नाटेग्लिनाइड (ग्लिनाइड गट) त्यांची चुलत भावंडं. पायोग्लिटाझोन, अकार्बोज आणि व्होग्लिबोज वेगवेगळ्या कारणांसाठी लक्षात ठेवायची.

एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, आणि घोटाळा इथेच होतो. रुग्णालयातून घरी सोडताना नवीन कंपनीची मिश्र गोळी लिहून मिळते, घरात जुनी असतेच, दोन्ही चालू राहतात. नावं वेगळी असल्यामुळे तेच औषध दुप्पट जातंय हे कुणाच्या लक्षात येत नाही. यादी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

आता यादीवर खूण करा. सल्फोनिलयुरिया, ग्लिनाइड आणि इन्सुलिन या तिघांपुढे लाल खूण. ही तीन औषधं रक्तातली साखर आधीच कमी असली तरी ती आणखी खाली ओढू शकतात. बाकीची औषधं एकटी असताना साखर धोकादायकरीत्या सहसा पाडत नाहीत. लाल खुणेच्या औषधासोबत असली की मात्र पडू शकते. नवीन गोळी सुरू झाल्यावर ‘शुगर लो’ व्हायला लागली तर दोष अनेकदा जुन्या लाल खुणेच्या औषधाच्या न घटवलेल्या डोसचा असतो.

मेटफॉर्मिन: यकृताचा नळ बारीक करणारं

आपण रात्रभर उपाशी असतो तरी सकाळी रक्तात साखर असते, कारण यकृत ती तयार करून सोडत राहतं. टाइप २ मध्ये यकृत हे काम गरजेपेक्षा जास्त करतं. मेटफॉर्मिन मुख्यतः तिथे आवर घालतं, म्हणून त्याचा परिणाम उपाशीपोटीच्या साखरेवर जास्त दिसतो. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत नाही, त्यामुळे एकटं असताना साखर फार पाडत नाही आणि वजनही वाढवत नाही. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ स्तेर्न यांनी ते मधुमेहींवर वापरलं, तेव्हापासून ते टिकून आहे. इतक्या वर्षांत त्याचे गुणदोष चांगले माहीत झाले आहेत, ही त्याची मोठी जमेची बाजू.

गोळीतलं औषध आतड्यात मोठ्या प्रमाणात साठतं, म्हणून त्रासही तिथेच होतो. जुलाब, मळमळ, पोटात गुडगुड, तोंडाला धातूसारखी चव. यावर उपाय डोस हळूहळू वाढवण्याचा. साधारणपणे रात्रीच्या जेवणासोबत ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर एक-दोन आठवड्यांनी वाढवत नेलं तर बहुतेकांचं पोट जुळवून घेतं. तरीही जमलं नाही तर ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी मागा. ती चावायची किंवा कुटायची नाही. तिचं रिकामं कवच कधीकधी शौचात तसंच दिसतं. औषध आत शोषलं गेलेलं असतं, घाबरायचं कारण नाही. अनेक वर्षं व्यवस्थित सोसलेलं मेटफॉर्मिन अचानक पोट बिघडवू लागलं, तर मात्र दोष गोळीला देऊन मोकळं होऊ नका. दुसरं कारण शोधायला हवं.

सावकाश येणारा त्रास म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. आतड्यातून त्याचं शोषण कमी होतं आणि काही वर्षांनी पायांना मुंग्या, बधिरपणा, थकवा, रक्तक्षय अशा रूपात ते दिसतं. अडचण अशी की पायांच्या मुंग्या मधुमेहामुळेही येतात, मग दोष साखरेवर ढकलला जातो आणि बी-१२ तपासलंच जात नाही. चार-पाच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर ही तपासणी स्वतःहून मागा.

रक्तात लॅक्टिक आम्ल साचणं हा दुर्मीळ पण गंभीर धोका. फेनफॉर्मिन नावाचं याच घराण्यातलं औषध त्याच कारणाने १९७० च्या दशकात बहुतेक देशांतून मागे घेतलं गेलं. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका खूपच कमी आहे, पण ते मूत्रपिंडातून बाहेर पडत असल्यामुळे मूत्रपिंड थकलं की वाढतो. मूत्रपिंड किती गाळतं ते सांगणारा तपासणीतला ‘ईजीएफआर’ हा आकडा ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंद करतात, ३० ते ४५ मध्ये नव्याने सुरू करत नाहीत आणि चालू असेल तर डोस सहसा निम्म्यावर आणतात. ‘मेटफॉर्मिनने किडनी खराब होते’ हा समज यातूनच उलटा होऊन पसरला. मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवत नाही. बिघडलेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जमत नाही. सीटी स्कॅनसाठी शिरेतून डाय देणार असतील तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं आधी सांगा.

सल्फोनिलयुरिया: स्वादुपिंडाला कामाला जुंपणारी

१९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे टायफॉइडच्या रुग्णांना सल्फा जातीचं एक नवं औषध दिलं जात होतं. मार्सेल जांबाँ यांना त्यातल्या काहींची साखर धोकादायक खाली गेलेली दिसली. या गटाचा जन्मच मुळी दुष्परिणामातून झालेला आहे, आणि तो दुष्परिणाम आजही त्याच्या पाठीशी आहे.

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर पोटॅशियमची एक वाट असते. रक्तात साखर वाढली की ती बंद होते आणि पेशी इन्सुलिन सोडते. सल्फोनिलयुरिया ही वाट साखरेची वाट न पाहता परस्पर बंद करतात. म्हणूनच स्वस्तात, झटपट आणि भरवशाने साखर उतरते, आणि म्हणूनच जेवण चुकलं, चालणं जास्त झालं, दारू प्यायली तर ती खड्ड्यात जाते. वजनही थोडं वाढतं, कारण शरीरात इन्सुलिन जास्त आहे आणि लघवीतून वाया जाणारी साखर आता आत राहतेय.

गटातली सगळी औषधं सारखी नाहीत. ग्लिबेनक्लामाइड शरीरात फार वेळ रेंगाळतं, त्याचे तुकडेही काम करत राहतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते साचतं. वयस्कर माणसासाठी मला हे औषध नकोसंच वाटतं. ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिपिझाइड तुलनेने सौम्य. घरातल्या पंचाहत्तरीच्या माणसाच्या यादीत ग्लिबेनक्लामाइड दिसलं तर पुढच्या भेटीत हा विषय काढायलाच हवा.

दुसऱ्या औषधांशी भांडणही याच गटाचं जास्त. बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल, लघवीच्या जंतुसंसर्गासाठीचं को-ट्रायमोक्साझोल, क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यामुळे सल्फोनिलयुरियाचा जोर वाढू शकतो. पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स लिहून घेताना मधुमेहाची यादी पुढे करायची ती यासाठी.

रेपाग्लिनाइड आणि नाटेग्लिनाइड त्याच वाटेवर पण थोडा वेळच काम करतात. नियम सोपा: जेवण असेल तर गोळी, जेवण नाही तर गोळी नाही. कोलेस्टेरॉलसाठीचं जेमफिब्रोझिल आणि रेपाग्लिनाइड एकत्र कधीच नको.

साखर पडली तर

हात थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड, अचानक भूक, चिडचिड, डोळ्यांसमोर अंधारी, बोलणं असंबद्ध होणं. शक्य असेल तर लगेच मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायला यंत्र जवळ नसेल पण लक्षणं स्पष्ट असतील, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधारण तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. साखर वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर थोडं खाऊन घ्या. चॉकलेटसारखा तुपकट पदार्थ इथे उपयोगाचा नाही, स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ५४ च्या खालचा आकडा गंभीर मानतात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका; ग्लुकॅगॉन (साखर वर आणणारं संप्रेरक) जवळ असेल तर ते द्या आणि तातडीची मदत बोलवा.

दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. सल्फोनिलयुरियामुळे पडलेली साखर एकदा वर आली म्हणजे संपलं असं नसतं, औषध अंगात असेपर्यंत ती पुन्हा पडू शकते. वयस्कर किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला म्हणून दिवसभर रुग्णालयात ठेवून बघतात. दुसरी गोष्ट, रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र येतो, त्यामुळे अशा माणसाने घामाकडे लक्ष ठेवायचं.

अकार्बोज, व्होग्लिबोज

ही आतड्यातच राहून काम करतात. पिष्टमय पदार्थ आणि साखर फोडणारी विकरं अडवतात, त्यामुळे जेवणानंतरची उसळी बुटकी होते. पहिल्या घासासोबत घेतली तरच उपयोग. न फुटलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात आणि वायू होतो. पोट फुगणं आणि वारा सरणं हा त्रास इतका हमखास आहे की बरेच जण त्यावरूनच औषध सोडतात.

या गोळ्यांसोबत सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन असेल आणि साखर पडली, तर साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती फोडणारं विकरच अडवलेलं आहे. अशा वेळी थेट ग्लुकोजच हवं. पुडी किंवा गोळ्या खिशात ठेवा.

पायोग्लिटाझोन

चरबीच्या आणि स्नायूंच्या पेशींना इन्सुलिनचं म्हणणं ऐकायला लावणारं औषध. ते पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांच्या कामात बदल करतं, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात; दोन आठवड्यांत ‘याचा उपयोग नाही’ म्हणू नये. यकृतात चरबी साठलेल्यांना त्याचा फायदा होतो. पण ते मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं. पाय सुजतात, वजन वाढतं, आणि हृदय कमकुवत असेल तर दम लागतो. इन्सुलिनसोबत सूज जास्त. हार्ट फेल्युअर असलेल्यांनी ते घेऊ नये. स्त्रियांमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंधाची शंकाही आहे, म्हणून तो झालेल्यांना हे देत नाहीत आणि लघवीतून रक्त गेलं तर लगेच दाखवायचं.

ग्लिप्टिन: सौम्य आणि बहुतेकांना सोसणारी

जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते साखर जास्त असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतं आणि ग्लुकॅगॉन दाबतं. पण डीपीपी-४ नावाचं विकर ते दोनेक मिनिटांत निकामी करतं. ग्लिप्टिन या विकराला अडवतात. २००६ मध्ये सिटाग्लिप्टिनला मान्यता मिळाली, त्यानंतर रांग लागली.

साखर फार उतरत नाही, पण त्रासही कमी आणि वजनाला फरक नाही. क्वचित स्वादुपिंडाला सूज, सांध्यांत तीव्र वेदना किंवा त्वचेवर पाण्याचे मोठे फोड येतात. २०१३ मधल्या मोठ्या चाचणीत सॅक्साग्लिप्टिन घेणाऱ्यांना हार्ट फेल्युअरसाठी जास्त वेळा भरती व्हावं लागलं, तेव्हा हृदय कमकुवत असेल तर ते टाळायचं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर बहुतेक ग्लिप्टिनचा डोस कमी करावा लागतो, लिनाग्लिप्टिनचा नाही. विल्डाग्लिप्टिन सुरू करण्याआधी आणि पहिल्या वर्षी यकृताच्या तपासण्या करतात. पुढच्या गटातलं इंजेक्शन सुरू झालं की ग्लिप्टिन बंद व्हायला हवं. दोघांची वाट एकच आहे, एकत्र घेण्यात अर्थ नाही.

जीएलपी-१ ची इंजेक्शनं

गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत जीएलपी-१ सारखाच पण पटकन न तुटणारा पदार्थ सापडला. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये आलं. आता सेमाग्लुटाइड, डुलाग्लुटाइड आठवड्यातून एकदा टोचायची. तिर्झेपटाइड जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं, २०२२ मध्ये ते मधुमेहासाठी मान्य झालं.

ही औषधं चार कामं करतात: स्वादुपिंडात इन्सुलिन वाढवतात, ग्लुकॅगॉन दाबतात, जठर सावकाश रिकामं करतात आणि मेंदूत भूक कमी करतात. वजन घटतं ते शेवटच्या दोन कामांमुळे, आणि मळमळही तिथूनच. पहिल्या आठवड्यांत आणि प्रत्येक डोसवाढीनंतर ती जास्त असते. म्हणून सेमाग्लुटाइडची सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने करून चार आठवडे तेवढंच ठेवतात. हा डोस साखर उतरवण्यासाठी नसतो, पोटाला सवय लागावी म्हणून असतो. या महिन्यात साखर फारशी हलली नाही म्हणून स्वतःच डोस वाढवणं ही उलट्यांची हमखास कृती. ताट लहान करा, सावकाश जेवा, पोट भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. तेलकट जेवणाने त्रास वाढतो. बद्धकोष्ठही होतं, पाणी कमी पडू देऊ नका.

सतत वेदना, पोटातून पाठीकडे जाणारी, सोबत उलट्या: स्वादुपिंडाची सूज असू शकते, औषध थांबवून लगेच दवाखाना. उजव्या बरगडीखाली दुखणं आणि ताप असेल तर पित्ताशयाचे खडे बघावे लागतात. साखर फार वेगाने उतरली तर आधीपासून असलेला डोळ्याच्या पडद्याचा आजार बळावू शकतो, त्यामुळे सुरू करण्यापूर्वी पडदा तपासून घ्यावा. सेमाग्लुटाइडमुळे अतिशय क्वचित डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो. एका डोळ्याची नजर अचानक गेली तर थांबायचं नाही. स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर हा गट नको.

वजन उतरताना स्नायूही झिजतात. पुरेशी प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोबत नसेल, तर उतारवयात हा सौदा महागात पडतो. तिर्झेपटाइड गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करू शकतं, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरं साधनही वापरायला सांगतात.

सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, पण तिचे नखरे आहेत. सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या कपाहून कमी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास काहीच खायचं-प्यायचं नाही, इतर गोळ्याही नाहीत. चहासोबत घेतली तर जवळजवळ वाया गेली. सेमाग्लुटाइडचं साप्ताहिक इंजेक्शन विसरलात तर ५ दिवसांच्या आत, तिर्झेपटाइड ४ दिवसांच्या आत घेता येतं. त्यापुढे तो डोस सोडून ठरलेल्या वारी पुढचा घ्यायचा.

ग्लिफ्लोझिन: साखर लघवीवाटे बाहेर

मूत्रपिंड रोज सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतं आणि जवळपास सगळी परत आत घेतं. या कामातला सुमारे ९० टक्के वाटा एसजीएलटी-२ या वाहकाचा. ग्लिफ्लोझिन त्याला अडवतात आणि रोज अंदाजे ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीतून जाते. सोबत मीठ आणि पाणीही जातं. रक्तदाब थोडा उतरतो, वजन दोन-तीन किलो घटतं. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयविकाराचे मृत्यू कमी होताना दिसले, तेव्हापासून या गटाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आज साखर आटोक्यात असली तरी हार्ट फेल्युअर किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी हे औषध लिहिलं जातं. ‘माझी शुगर तर बरी आहे, मग ही गोळी कशाला’ म्हणून ती परस्पर बंद करू नका.

लघवीची तपासणी केली तर साखर ‘चार प्लस’ येणारच, ती औषधाच्या कामाची पावती आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत ईजीएफआर थोडा घसरतो. तो बहुधा तिथे स्थिर होतो आणि पुढची झीज मंदावते. मोठी घसरण असेल तर अर्थात बघावं लागतं.

गोड लघवीमुळे जननेंद्रियांवर बुरशी वाढते. खाज, लाली, पांढरा स्राव. स्त्रियांमध्ये जास्त, पण पुरुषांमध्येही शिश्नाग्राच्या कातडीखाली होतं. हे लाजेमुळे बोललं जात नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. प्रत्येक वेळी लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करणं हा साधा उपाय बऱ्याच जणांना पुरतो, बाकीच्यांना मलमाने बरं वाटतं. जननेंद्रिय आणि गुदद्वार यांमधल्या भागात तीव्र वेदना, सूज आणि ताप आला तर मात्र ती अत्यंत दुर्मीळ पण जीवघेणी सडन असू शकते, तासाभराचाही उशीर नको.

खरा डाव साधणारा धोका वेगळाच आहे: साखर फारशी न वाढता होणारा कीटोअॅसिडोसिस. साखर बाहेर जात असल्यामुळे शरीर चरबी जाळायला लागतं, त्यात उपास, फार कमी पिष्टाचा आहार, उलट्या, शस्त्रक्रिया, दारू किंवा इन्सुलिन कमी करणं यांची भर पडली की रक्तात कीटोन म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं साचतात. मळमळ, पोटदुखी, धाप, प्रचंड थकवा जाणवतो. मीटरवर आकडा २०० च्या आसपास, म्हणून घरचे आणि कधीकधी डॉक्टरही निर्धास्त राहतात. अशा वेळी रक्तातले कीटोन तपासायला सांगा आणि कोणती गोळी चालू आहे ते पहिल्या वाक्यात सांगा.

इन्सुलिन

जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत पहिल्यांदा माणसाला दिलेलं हे औषध अजूनही ‘शेवटचा उपाय’ म्हणून घाबरवलं जातं. टाइप २ मध्ये निदान होईपर्यंत बीटा पेशींची ताकद बरीच कमी झालेली असते आणि पुढेही उतरते. काही वर्षांनी इन्सुलिन लागणं म्हणजे रुग्णाचा पराभव नाही. ग्लार्जिन, डेग्लुडेक दिवसभराची पायाभूत गरज भागवतात. अॅस्पार्ट, लिस्प्रो जेवणाच्या तोंडावर, तर जुनं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास. दुधाळ दिसणारं इन्सुलिन हलक्या हाताने फिरवून एकजीव करायचं, जोरात हलवायचं नाही.

साखर पडणं आणि वजन वाढणं हे दोन त्रास सगळ्यांना माहीत असतात. कमी माहीत असलेला म्हणजे एकाच जागी टोचत राहिल्याने कातडीखाली तयार होणारी मऊ गाठ. तिथे टोचणं दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच टोचतो, आणि इन्सुलिन कधी मुरतं, कधी मुरत नाही. साखर विनाकारण वर-खाली होत असेल तर डोस वाढवण्याआधी पोटावरून हात फिरवून बघा. गाठ सोडून नवी जागा निवडलीत तर डोस कमी करावा लागू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून करा.

काही देशांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटं असलेली बाटली मिळते, काही ठिकाणी १००. सिरिंज त्याच आकड्याची हवी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट डोस जातो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. चालू असलेलं बहुतेक प्रकारांत साधारण २८ दिवस खोलीत चालतं.

आजारी पडाल त्या दिवसाची तयारी

उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणीही ठरत नाही, अशा दिवशी मेटफॉर्मिन आणि ग्लिफ्लोझिन थांबवायची, हे बहुतेक ठिकाणी मान्य झालेलं आहे. काही खाता येत नसेल तर सल्फोनिलयुरियाही थांबवावी लागते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, पाणी काढणाऱ्या गोळ्या आणि आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला झटका देतात, त्यांबद्दलही विचारा. पायाभूत इन्सुलिन मात्र बंद करायचं नाही. आजारपणात साखर न खाताही वाढते. हे सगळं ताप आल्यावर ठरवायचं नसतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून ‘यातलं काय थांबवायचं, परत कधी सुरू करायचं’ हे यादीवरच लिहून घ्या. साधारणपणे नीट खाणं-पिणं सुरू होऊन एक-दोन दिवस झाले की पुन्हा सुरू करतात.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर ग्लिफ्लोझिन किमान ३ दिवस आधी, त्यातलं एर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस आधी बंद करतात. जीएलपी-१ चं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. उपाशी असूनही जठरात अन्न असू शकतं, आणि भुलीत ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

मूल हवं असेल तर हा विषय गर्भधारणेच्या आधी काढायचा. यातल्या बहुतेक औषधांच्या जागी इन्सुलिन, काहींना मेटफॉर्मिन देतात. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. मेटफॉर्मिन किंवा पायोग्लिटाझोनमुळे अनियमित पाळी असलेल्या स्त्रीला पुन्हा बीजनिर्मिती सुरू होऊ शकते, आणि वजन उतरल्यानेही तसंच होतं. मूल नको असेल तर गर्भनिरोधकाची सोय औषध सुरू करतानाच करून ठेवायला हवी.

औषध सोसत नसेल तर डॉक्टरांना नुसतं ‘सूट होत नाही’ म्हणू नका. कधी सुरू झालं, गोळीनंतर किती वेळाने होतं, जेवणाआधी घेतली होती की नंतर, डोस नुकताच वाढला होता का, त्या वेळी साखर किती होती, ही पाच उत्तरं सोबत न्या. त्यावरून डोस कमी करायचा, वेळ बदलायची, सावकाश विरघळणारी गोळी द्यायची की गटच बदलायचा, हे त्या एकाच भेटीत ठरवता येतं.